नाव आधी, गोष्ट नंतर : नांदूरघाटच्या निमित्ताने स्थलनामांचा इतिहास

१/
बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यात, बालाघाटच्या डोंगराळ प्रदेशात, नांदूरघाट नावाचे गाव आहे. आजचा धागा या एका नावाविषयी आहे. नाव साधे दिसते, परंतु त्यातील प्रत्येक अवयवामागे कैक शतकांचा भाषिक इतिहास उभा आहे. ‘नांदूर’ म्हणजे काय, आणि दिलेला अर्थ खरा की केवळ गोड, हे इतिहासाचा अभ्यासक कसे ठरवतो, ते पाहू.

२/
‘नांदूर’ या नावाची उपपत्ती चार प्रकारे मांडता येते. पहिली, ‘नंदिपुर’, म्हणजे नंदीचे नगर. दुसरी, नांदरूख किंवा नांदुरकी या वडाच्या जातीच्या वृक्षावरून पडलेले नाव. तिसरी, ‘नांदणे’ या क्रियापदावरून, म्हणजे सुखाने नांदणाऱ्यांची वस्ती. चौथी, द्राविड भाषांतील ‘ऊर’, म्हणजे गाव, हा शब्द शेवटी असलेले नाव. चारही ऐकताक्षणी पटतात. खरी अडचण तिथेच सुरू होते, कारण पटणे हा पुरावा होत नाही.

३/
ही अडचण समजून घेण्यासाठी क्षणभर दूर जाऊ. ब्रिटनच्या पश्चिमेला वेल्स हा डोंगराळ देश आहे. त्याची स्वतःची प्राचीन भाषा आजही बोलली जाते. तेथे ‘बेद्‌गेलर्ट’ नावाचे गाव आहे. वेल्श भाषेत ‘बेद्’ म्हणजे थडगे. म्हणून ‘गेलर्टचे थडगे’. हा गेलर्ट कोण? गावात सांगतात, की तो लुवेलिन राजाचा शिकारी कुत्रा. इ.स. १२४० मध्ये मरण पावलेला हा राजा एकदा शिकारीहून परतला, तो पाळणा उलथलेला आणि कुत्र्याचे तोंड रक्ताने माखलेले. कुत्र्याने बाळ मारले असे समजून राजाने त्याला ठार केले. मागाहून पाळण्याखाली बाळ सुखरूप सापडले, आणि शेजारी मरून पडलेला लांडगा दिसला.

४/
ही कथा वाचताना तुम्हांला काही आठवले असेल. ब्राह्मणी आणि मुंगूस! पंचतंत्रातील ती कथा हीच. लांडग्याच्या जागी साप आणि कुत्र्याच्या जागी मुंगूस, एवढाच फरक. भारतातून निघालेली ही कथा अनेक भाषांतून प्रवास करीत युरोपात पोहोचली. अठराव्या शतकाच्या अखेरीस बेद्‌गेलर्टमधील एका विश्रामगृहाच्या मालकाने ती आपल्या गावाला जोडली व प्रवासी यावेत म्हणून थडगेही सजवले, असे अभ्यासक मानतात. गावाचे नाव मात्र त्याआधीचे आहे. ते बहुधा एका जुन्या ख्रिस्ती साधुपुरुषाच्या नावावरून आले असावे.

५/
यावरून पहिला धडा मिळतो : नाव आधी असते, गोष्ट नंतर येते. नावाचा मूळ अर्थ विसरला गेला की माणसे त्या रिकाम्या जागी गोष्ट बसवतात. अशा उपपत्तीला लोकव्युत्पत्ती म्हणतात. ती खोटेपणाने रचलेली असतेच असे नाही. अर्थ नसलेले नाव माणसाला सहन होत नाही, एवढेच तिचे कारण. म्हणून लोकव्युत्पत्ती गावाच्या स्थापनेविषयी फारसे सांगत नाही. ती ज्यांनी सांगितली, त्यांच्या काळाविषयी पुष्कळ सांगते.

६/
आपल्या बीड शहराचेच उदाहरण घ्या. एक परंपरा सांगते, की चालुक्यांच्या घराण्यातील चंपावतीवरून हे चंपावतीनगर झाले. दुसरी सांगते, की येथे पाणी उथळावर लागते, म्हणून अरबी ‘बीर’, म्हणजे विहीर, या शब्दावरून मुहम्मद तुघलकाने हे नाव दिले. तिसरी सांगते, की डोंगराच्या पायथ्याशी जणू बिळात वसलेले म्हणून ‘बीळ’, आणि त्याचे बीड. पाहा, एक उपपत्ती संस्कृत वळणाची, दुसरी अरबी, तिसरी मराठी. जो कोणी सांगतो, तो आपल्या भाषेत अर्थ शोधतो. ओतीव लोखंडालाही मराठीत ‘बीड’च म्हणतात, पण त्यावरून कोणी कथा रचली नाही, हे आपले भाग्य!

७/
तुघलकाची आठवण मात्र या भागात खोल रुजलेली आहे. बीडजवळ त्याचा एक दात पडला आणि तो समारंभपूर्वक पुरून त्यावर वास्तू उभारली गेली, अशी नोंद फिरिश्ता या इतिहासकाराने केली आहे. एखाद्या व्यक्तीची स्मृती इतकी ठळक असली, की आसपासची नावे तिच्याकडे ओढली जातात. वेल्समध्ये लुवेलिन, येथे तुघलक, अन्यत्र पांडव किंवा राम. तेव्हा नामवंत व्यक्तीशी जोडलेली व्युत्पत्ती आढळली, की अभ्यासकाने थोडे अधिक सावध व्हावे.

८/
मग कसोटी कोणती लावावी? स्थलनामांचा अभ्यास तीन प्रश्न विचारतो. एक : ध्वनिबदल नियमात बसतो का? दोन : आसपासची नावे काय सांगतात? तीन : ताम्रपट, शिलालेख किंवा जुन्या दप्तरात ते नाव कसे लिहिले आहे? महाराष्ट्रात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावांची आणि माणसांची नावे ही इतिहासाची साधने आहेत, हे आग्रहाने मांडले. त्यांच्या सर्वच व्युत्पत्ती आज कोणी स्वीकारत नाही. पण नावाकडे पुरावा म्हणून पाहण्याची दृष्टी त्यांनी दिली. याच तीन कसोट्यांवर नांदूर घासून पाहू.

९/
पहिली कसोटी, ध्वनी. संस्कृतातून प्राकृतात आणि प्राकृतातून मराठीत येताना शब्द मनमानी बदलत नाहीत. दोन स्वरांमधील क, ग, त, द यांसारखी व्यंजने झिजून लोपतात. ‘नगर’मधील ग गेला, की ‘नअर’, मग ‘नयर’ आणि शेवटी ‘नेर’. संगमनेर, पारनेर, अमळनेर, जामनेर ही त्याची उदाहरणे. आता हाच नियम ‘तगर’ या नावाला लावा. तगर, तअर, तयर, तेर! धाराशिव जिल्ह्यातील तेर म्हणजेच प्राचीन तगर. नगरचे नेर होते, म्हणून तगरचे तेर होते. एका नियमाने दोन नावे उलगडली, म्हणजे नियमावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

१०/
प्रतिष्ठानचे पैठण होणे हेही असेच नियमबद्ध आहे : प्रतिष्ठान, पइट्ठाण, पैठण. इ.स.च्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात पैठण आणि तगर या दोन्ही बाजारपेठांचा उल्लेख आहे. पैठणहून तगर दहा दिवसांच्या वाटेवर, असे तो सांगतो. नकाशा उघडा आणि पैठणपासून तेरपर्यंत सरळ रेषा ओढा. ती आजच्या बीड जिल्ह्यातून, बालाघाट ओलांडून जाते. नांदूरघाटचा परिसर या दोन प्राचीन नावांच्या मधोमध आहे. म्हणून येथील नावांत जुने थर सापडावेत, यात नवल नाही.

११/
आता ‘प’ पाहा. शब्दाच्या मध्ये आलेला प मराठीत बहुधा ‘व’ होतो. कपाटचे कवाड, दीपचा दिवा, सपत्नीची सवत. ‘पल्ली’ म्हणजे वस्ती. ती नावाच्या शेवटी आली, की ‘वली’ होते. बोरिवली, डोंबिवली, कणकवली ही तिचीच रूपे. त्याच रीतीने ‘पुर’चा प झिजला, की उरतो ‘उर’. शिवाय ‘चंद्र’चा जसा चांद आणि ‘पंक्ती’ची जशी पांत, तसा ‘नंदि’चा नांद. म्हणजे नंदिपुर, नंदिउर, नांदूर ही साखळी ध्वनीच्या कसोटीवर निर्दोष उतरते.

१२/
मग सोलापूर, कोल्हापूर, नागपूर यांतला प का झिजला नाही? कारण ‘पूर’ हा शब्द स्वतंत्रपणे भाषेत जिवंत राहिला. ज्या नावात लोकांना ‘पूर’ ओळखू येत होता किंवा जी नावे उशिरा पडली, तेथे तो टिकला. ज्या नावांत तो ओळखू येईनासा झाला, तेथे तो काळाबरोबर घासला गेला. म्हणून सर्वसाधारणपणे झिजलेले नाव अधिक जुने आणि तोंडी परंपरेचे मानावे. नाण्याचेही तसेच असते. जे पुष्कळ हातांतून फिरले, त्यावरची अक्षरे पुसट होतात.

१३/
दुसरी उपपत्ती, वृक्षाची. संस्कृत ‘नंदिवृक्ष’. प्राकृतात वृक्षाला ‘रुक्ख’ म्हणत. त्यावरून नांदरूख, नांद्रुक, नांदुरकी. झाडावरून गावाचे नाव पडणे आपल्याकडे अगदी स्वाभाविक आहे : पिंपळगाव, वडगाव, बाभूळगाव, चिंचवड. परंतु जेथे हे झाड खरोखरच गावाच्या नावात आहे, तेथे शेवटचा ‘ख’ शाबूत राहिलेला दिसतो. सिंधुदुर्गातील मालवण तालुक्यातले नांद्रुख हे गाव पाहा. ‘नांदूर’मध्ये मात्र तो ‘ख’ कोठे गेला, याचे उत्तर ही उपपत्ती देत नाही. म्हणून ती सुंदर असली, तरी दुबळी ठरते.

१४/
तिसरी, ‘नांदणे’. या शब्दाला मराठी मनात मोठी जागा आहे. लेक सासरी नांदते, घरात लक्ष्मी नांदते. म्हणून ‘नांदते गाव’ हा अर्थ हृदयाला भिडतो. पण निव्वळ क्रियापदाच्या धातूला ‘ऊर’ जोडून गावाचे नाव बनवण्याची रीत मराठीत रूढ नाही. मात्र एक गंमत आहे. नंदी, नांदी आणि नांदणे ही तिन्ही ‘नंद्’, म्हणजे आनंदणे, या एकाच संस्कृत धातूची लेकरे आहेत. म्हणून हा अर्थ नावाचे मूळ म्हणून टिकत नसला, तरी नावाच्या कुळातलाच आहे.

१५/
चौथी उपपत्ती सर्वांत वादाची, आणि म्हणून सर्वांत महत्त्वाची. कन्नड, तमिळ, तेलुगू या भाषांच्या कुळात ‘ऊर’ म्हणजे गाव. नवव्या शतकात, राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या दरबारी, ‘कविराजमार्ग’ हा कन्नड ग्रंथ सिद्ध झाला. कन्नड देश कावेरीपासून गोदावरीपर्यंत पसरला आहे, असे तो सांगतो. केज तालुका गोदावरीच्या दक्षिणेला आहे. मराठवाड्यात कन्नड शिलालेख सापडलेले आहेत. तेव्हा बालाघाटच्या कुशीत ‘ऊर’ ऐकू आला, तर तो परका पाहुणा समजण्याचे कारण नाही.

१६/
लातूरचे उदाहरण फार बोलके आहे. राष्ट्रकूटांच्या लेखांत त्यांच्या मूळ नगराचे नाव ‘लत्तलूर’ असे येते, आणि राजे स्वतःला लत्तलूरपुराचे अधीश्वर म्हणवतात. लत्तलूरपुर! ‘ऊर’ म्हणजे गाव आणि ‘पुर’ म्हणजेही नगर. संस्कृत लेखकाला ‘ऊर’चा अर्थ पुरेसा वाटला नाही, म्हणून त्याने वर ‘पुर’ जोडले. एका भाषेचा शब्द दुसऱ्या भाषेने नाव म्हणून उचलला, की त्याचा अर्थ झाकला जातो आणि तोच अर्थ पुन्हा सांगावा लागतो.

१७/
वेल्सच्या शेजारी हेच घडले आहे. वेल्श भाषेत ‘आवोन’ म्हणजे नदी. इंग्लंडमध्ये या भाषेच्या पूर्वजांची वस्ती होती, तेव्हा ते आपल्या नदीला ‘नदी’च म्हणत. नंतर आलेल्या इंग्रजी भाषकांना ते विशेषनाम वाटले. आज शेक्सपिअरच्या गावाजवळून वाहणाऱ्या ‘एव्हन नदी’च्या नावाचा अर्थ ‘नदी नदी’ असा होतो. त्या प्रदेशातून वेल्श कुळातील भाषा केव्हाच गेली. तिची खूण नदीच्या नावात राहिली. भाषा माणसांच्या तोंडून जाते, पण डोंगर, नद्या आणि गावे तिचे शब्द सांभाळतात.

१८/
आता दुसरी कसोटी, शेजार. महाराष्ट्राच्या नकाशावर ‘नेर’ने संपणारी नावे खानदेश, नाशिक, अहिल्यानगर या बाजूला दाट दिसतात. ‘ऊर’ने संपणारी लातूर, चाकूर, देगलूर, धारूर अशी नावे मराठवाड्याच्या दक्षिण भागात वारंवार भेटतात. बीड जिल्हा या दोन्हींच्या सीमेवर आहे. एकट्या बीड तालुक्यात पिंपळनेरही आहे आणि नेकनूरही. शेजारच्या या साक्षीवरून नांदूरचा ‘ऊर’ एकाकी नाही, तो एका मोठ्या पट्ट्याचा भाग आहे, हे स्पष्ट होते.

१९/
नेकनूर हे नाव मुद्दाम घेतले. फारसीत ‘नेक’ म्हणजे चांगला, आणि अरबीतून आलेला ‘नूर’ म्हणजे तेज. ‘शुभ तेज’ असा सुरेख अर्थ लगेच जुळतो. परंतु शेजारी धारूर आणि नांदूर उभे असताना तेथील ‘ऊर’ही त्याच पट्ट्यातला नाही ना, हा प्रश्न आधी विचारायला हवा. ज्या शतकांत दप्तराची भाषा फारसी होती, त्या शतकांत कानांना फारसी अर्थ सहज ऐकू येत. ज्या काळी संस्कृत प्रतिष्ठेची होती, त्या काळी पंडितांनी प्रत्येक ‘ऊर’मागे ‘पुर’ शोधले. आपला कान कोणत्या काळाचा आहे, हे अभ्यासकाने स्वतःला विचारत राहिले पाहिजे.

२०/
तिसरी कसोटी, जुना लेख. तिचे मोल नांदेडवरून कळते. नांदेड म्हणजे ‘नंदितट’, नंदीने जेथे तप केले तो गोदातट, अशी परंपरा आहे. ध्वनीच्या नियमांनी नंदितटचे नांदेड होऊही शकते. पण चौथ्या शतकातील वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याच्या वाशीम ताम्रपटात येणारे नाव ‘नांदीकड’, म्हणजे संस्कृतात नंदिकट, असे आहे, आणि अभ्यासक ते नांदेडच मानतात. नंदिकट, नांदीकड, नांदेड ही साखळीही तितकीच नियमबद्ध. दोन्ही वाटा ध्वनीला मान्य होत्या. निवाडा तांब्याच्या पत्र्याने केला. जेथे तो ताम्रपट सापडला, त्या वाशीमचे नावही ‘वत्सगुल्म’ या वाकाटक राजधानीच्या नावाचे झिजलेले रूप आहे.

२१/
नावाचा प्रश्न केवळ शब्दकोशापुरता नसतो. मराठीच्या आद्य ग्रंथांत गणला जाणारा ‘विवेकसिंधु’ मुकुंदराजाने इ.स. ११८८ मध्ये रचला, असे मानले जाते. तो कोठे रचला? बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई म्हणते आमच्याकडे, वैनगंगेकाठचे आंभोरे म्हणते आमच्याकडे. दोन्ही नावांत ‘आंबे’ आहे, म्हणून वाद उभा राहिला. एका स्थलनामाचा अर्थ लावण्यावर मराठी वाङ्मयाच्या आरंभाचा भूगोल अवलंबून आहे. नाव वाचताना घाई का करू नये, याचे याहून मोठे कारण कोणते?

२२/
आता नावाचा उत्तरार्ध, ‘घाट’. उत्तर भारतात घाट म्हणजे नदीच्या पायऱ्या. महाराष्ट्रात घाट म्हणजे प्रामुख्याने डोंगर चढण्याची वाट. ‘बालाघाट’मधील ‘बाला’ हा फारसी शब्द आहे. त्याचा अर्थ वरचा. वरच्या प्रदेशाला बालाघाट आणि खालच्याला पायीनघाट अशी जोडी दख्खनच्या कारभारात रूढ होती. म्हणजे बालाघाट हे नावच फारसी आणि देशी शब्दांचा संगम आहे. पुढे युरोपीय लोकांनी ‘घाट’ हा वाटेचा शब्द संपूर्ण पर्वताला लावला आणि सह्याद्री ‘पश्चिम घाट’ झाला. वाटेचे नाव डोंगराला मिळाले!

२३/
नांदूरला ‘घाट’ का जोडावा लागला? कारण नांदूर एक नाही. नाशिक जिल्ह्यात नांदूर मध्यमेश्वर आहे. तेथील पाणथळ जागेला रामसर स्थळाचा दर्जा मिळालेला आहे. नांदूर शिंगोटे आहे. बीड तालुक्यातच नांदूर हवेली आहे. एकाच नावाची गावे ओळखण्यासाठी कोठे देव, कोठे शेजारचे गाव, कोठे कारभाराचा विभाग जोडला गेला. शिरूरचेही तसेच : शिरूर कासार, शिरूर अनंतपाळ, शिरूर ताजबंद. आणि तुमच्या तालुक्यातील ‘खुर्द’ व ‘बुद्रुक’? फारसी खुर्द म्हणजे लहान. बुजुर्ग म्हणजे मोठा, त्याचेच मराठमोळे बुद्रुक झाले.

२४/
कागदावरची नावे राज्यांबरोबर बदलली. निजामाच्या राजवटीत अंबाजोगाईचे दप्तरी नाव मोमिनाबाद होते. धारूरला फतेहाबाद म्हटले गेले. दप्तरात ती नावे चालली, पण तोंडी परंपरेत जुनी नावे तगून राहिली आणि पुन्हा वर आली. आपल्या डोळ्यांदेखत २०२३ मध्ये औरंगाबाद आणि उस्मानाबाद यांची नावे बदलून छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव झाली, तर २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. मत काहीही असो, इतिहासाच्या अभ्यासकाला सर्व नावे ठाऊक असली पाहिजेत. अन्यथा जुने कागद त्याच्यासाठी मुके होतील.

२५/
मग नांदूरचा निकाल काय? वृक्षाची आणि ‘नांदणे’ची उपपत्ती कसोटीवर मागे पडते. ‘नंदिपुर’ आणि ‘ऊर’ या दोन उरतात, आणि त्यांना परस्परांचे शत्रू मानण्याची गरज नाही. जेथे शतकानुशतके कन्नड आणि मराठी दोन्ही कानांवर पडत होत्या, तेथे ‘नांदूर’ उच्चारताना एकाने त्यात आपला ‘ऊर’ ऐकला असेल, दुसऱ्याने झिजलेला ‘पुर’. दोघांनाही अर्थ एकच कळला : गाव. पुढे ‘बाला’ जोडणारे फारसी कारकून त्याच डोंगरात आले. ‘हे नाव मूळचे आमचेच’ असे म्हणणाऱ्या प्रत्येकाला हे गाव अर्धेच उत्तर देते.

२६/
आता खऱ्या चिंतेची गोष्ट. गावांची नावे सरकारी यादीत आहेत, ती सहज नष्ट होणार नाहीत. धोका आहे तो शिवारातल्या नावांना. प्रत्येक गावात वावरांना, ओढ्यांना, विहिरींना, माळांना, पाणंदींना नावे असतात. ‘पांढर’ म्हटली जाणारी जागा पाहा. जुन्या वस्तीची राख आणि माती मिसळून जमीन पांढुरकी होते, म्हणून पुरातत्त्वज्ञ अशा पांढरीच्या टेकाडांचा मुद्दाम शोध घेतात. शेतकऱ्याने सहज उच्चारलेला शब्द हा उत्खननाचा पहिला पुरावा ठरू शकतो.

२७/
आज जमिनीचा व्यवहार गट क्रमांकाने होतो. तो आवश्यकही आहे. पण वावराचे नाव जाऊन क्रमांक राहिला, की त्या नावातील झाड, देव, इनाम, आटलेली विहीर हे सारे हळूहळू विस्मरणात जाते. महसुली दप्तरात ओसाड गावाला ‘बेचिराग’ म्हणतात. अर्थ, जेथे दिवा लागत नाही असे गाव. वस्ती उठली, तरी बेचिराग गावाचे नाव निदान दप्तरात उरते. वावराच्या नावाला तो आधारही नाही. ते ज्यांच्या तोंडी आहे, ती पिढी आज सत्तरी-ऐंशीत आहे.

२८/
म्हणून हा धागा वाचणाऱ्या तरुण मित्रांना एक विनंती. पुढच्या वेळी गावी गेलात, की आजी-आजोबांबरोबर शिवारात एक फेरी मारा आणि नावे टिपून घ्या. नाव ते उच्चारतात तसेच लिहा, ‘शुद्ध’ करू नका. झिजलेल्या रूपातच इतिहास असतो. सोबत जागा, गट क्रमांक, सांगणाऱ्याचे वय आणि तारीख लिहा. नावामागची गोष्टही लिहा, मात्र वेगळ्या रकान्यात. नाव हा एक पुरावा, गोष्ट हा दुसरा. दोन्ही मौल्यवान आहेत, पण एकमेकांत मिसळले, की दोन्ही बिघडतात.

२९/
बेद्‌गेलर्टच्या थडग्यापाशी आजही प्रवासी थांबतात. कुत्र्याच्या त्या कथेने त्यांचे डोळे पाणावतात, आणि ती कथा पंचतंत्रातल्या मुंगसाची आहे हे त्यांच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. गोष्टीवर प्रेम करायला कोणाचीच हरकत नाही. मात्र गावाच्या नावाला त्याचे स्वतःचे म्हणणे असते, तेही ऐकून घ्यायला हवे.

धागा येथे संपतो. तुमच्या गावाचे नाव, त्याच्या शेजारच्या तीन गावांची नावे आणि घरच्या जुन्या कागदात ते कसे लिहिले आहे, एवढे खाली नोंदवा. अर्थ काय असावा, हे आपण सारे मिळून पाहू.